आडवाटेने आलेल्या मालगाड्या

छंदांची प्रतवारी लावण्याची मनुष्याला फार हौस आहे. जुनी नाणी आणि दुर्मिळ ग्रंथ जमविणाऱ्याला समाज रसिक म्हणतो, पक्ष्यांच्या मागे रानावनात हिंडणाऱ्याला अभ्यासक म्हणतो. परंतु रुळांच्या कडेला, वाऱ्यापावसात, हाती कॅमेरा घेऊन मालगाडीची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या माणसाला काय म्हणावे, हे मात्र अद्याप ठरलेले नाही. उतारूंची गाडी निदान दिसायला तरी डौलदार असते. मालगाडीत पाहायचे काय? कोळशाच्या धुळीने माखलेल्या वाघिणी, सिमेंटच्या टाक्या, लाकडाचे ओंडके! आणि त्यातही जी मालगाडी आपला नित्याचा मार्ग सोडून, कोठे दरड कोसळल्यामुळे अथवा कोठे पूल खचल्यामुळे, दुसऱ्याच वाटेने वळवून आणलेली आहे, नेमके तिचेच छायाचित्र घेण्यासाठी घरदार सोडून धावणारा मनुष्य तर पुष्कळांना चमत्कारिकच वाटेल. तथापि या छंदाला स्वतःचा इतिहास आहे. लोहमार्गाच्या जमाखर्चाच्या वह्यांत ज्याची नोंद होत नाही, असे काहीतरी त्या इतिहासाने जपून ठेवले आहे.

हे नीट समजून घ्यावयाचे तर ब्रिटनच्या नकाशावर एका सरहद्दीवरच्या शहराकडे पाहावे. इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात, स्कॉटलंडच्या सीमेपासून सुमारे दहा मैलांवर कार्लाइल नावाचे शहर आहे. रोमन सम्राट हेड्रियन याने बांधविलेली भिंत याच परिसरातून जाते. पुढे इंग्रज आणि स्कॉट यांच्या शतकानुशतकांच्या झगड्यांत या शहराच्या किल्ल्याने अनेक वेढे पाहिले. एकोणिसाव्या शतकात तलवारी म्यान झाल्या आणि लोहमार्ग आले. पण स्पर्धेची खुमखुमी काही कमी झाली नाही. १८४७ साली येथे सिटाडेल हे भव्य स्थानक उघडले. विल्यम टाइट हा त्याचा वास्तुकार. १९२३ साली कंपन्यांचे एकत्रीकरण होईपर्यंत या एका स्थानकात सात निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या येत असत. प्रत्येकीच्या इंजिनाचा रंग वेगळा आणि अभिमानही वेगळा!

या सात कंपन्यांच्या चढाओढीतून कार्लाइलभोवती लोहमार्गांचे एक जाळेच विणले गेले. दक्षिणेकडे शॅपची चढण ओलांडून लंडनकडे जाणारा मुख्य मार्ग; उत्तरेकडे बीटॉकच्या खिंडीतून ग्लासगो आणि एडिंबरोकडे जाणारा त्याचाच पुढचा भाग; वायव्येला डम्फ्रीज व किल्मार्नॉकवरून ग्लासगोला जाणारी दुसरी वाट; पूर्वेला टाइन नदीच्या खोऱ्यातून न्यूकॅसलला जाणारा जुना मार्ग; पश्चिमेला समुद्रकिनाऱ्याला बिलगून जाणारा फाटा; ईशान्येला हॉइकवरून एडिंबरोपर्यंत डोंगराळ मुलखातून जाणारी वेव्हर्ली नावाची वाट; आणि आग्नेयेला पेनाइन पर्वतराजी ओलांडून सेटलकडे उतरणारा सुमारे ७२ मैलांचा मार्ग. एका शहराला सात दिशांनी सात वाटा! एखादी वाट बंद पडली तर गाडी दुसरीने न्यावी, ही सोय अशा ठिकाणी आपोआपच निर्माण झाली होती. ती कोणी दूरदृष्टीने योजलेली नव्हती. प्रतिस्पर्ध्याच्या दारात तिष्ठत राहावे लागू नये म्हणून प्रत्येकाने आपली स्वतंत्र वाट काढली, इतकेच. परंतु मत्सरापोटी केलेल्या कामातूनही पुढील पिढ्यांचे कल्याण कधी कधी साधते.

या जाळ्यातच मालगाड्यांसाठी आणखी एक आडमार्ग होता. उतारूंच्या गाड्यांना अडथळा होऊ नये म्हणून शहराच्या पश्चिम अंगाने, सिटाडेल स्थानकाला वळसा घालून, मालवाहतुकीचे स्वतंत्र रूळ टाकलेले होते. शहराच्या उत्तरेस किंगमूर येथे १९६३ साली वाघिणींची जुळवाजुळव करण्यासाठी विशाल यार्ड उघडले, तेव्हा या आडमार्गाचे महत्त्व वाढले. परंतु १ मे १९८४ रोजी एका मालगाडीचे सुटलेले डबे उतारावरून आपल्याच वेगाने धावत सुटले आणि कॅल्ड्यू नदीवरच्या पुलाजवळ रुळांवरून घसरले. पुलाची हानी झाली आणि तो मार्ग पुन्हा सुरू करण्यात आला नाही. तेव्हापासून शहरातून जाणाऱ्या मालगाड्या सिटाडेल स्थानकातूनच, उतारूंच्या फलाटांशेजारून जाऊ लागल्या. आजवर नगराच्या पाठीमागून गुपचूप निघून जाणारी मालवाहतूक एका अपघाताने नगराच्या दिवाणखान्यात आली, असेच म्हणावयास हवे. छायाचित्रकारांना तर फलाटावर उभे राहूनच ती पाहावयास मिळू लागली.

आगगाडीचे छायाचित्र घेण्याचा छंद मात्र याहून कितीतरी जुना आहे. आरंभीच्या काळी काचेच्या पट्ट्यांवर चित्र उमटवावे लागे आणि त्यांची संवेदनक्षमता इतकी मंद असे, की उभ्या असलेल्या इंजिनाखेरीज दुसऱ्या कशाचे चित्र स्पष्ट येत नसे. ताशी ४० मैल वेगाने जाणारी गाडी सेकंदाच्या पाचशेव्या भागातही सुमारे दीड इंच पुढे सरकते. एवढ्या अल्प अवधीत प्रकाश पकडणारी साधने हाती आल्यावरच धावत्या गाडीचे चित्र ही साध्य गोष्ट झाली. १८९७ साली लंडनमध्ये ‘रेल्वे मॅगझिन’ हे मासिक निघाले आणि लोहमार्गाच्या शौकिनांना आपले व्यासपीठ मिळाले. पुढे १९४२ साली, ऐन महायुद्धात, सदर्न रेल्वेच्या कचेरीत काम करणाऱ्या इयन ॲलन नावाच्या तरुणाने इंजिनांच्या क्रमांकांची छोटी पुस्तिका छापली. तिला असा प्रतिसाद मिळाला की युद्धोत्तर ब्रिटनमध्ये हजारो मुले हाती वही आणि पेन्सिल घेऊन फलाटांच्या टोकाला उभी राहू लागली. यांतलीच काही पुढे कॅमेरा घेऊन रुळांच्या कडेला आली.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध नाव एका धर्मोपदेशकाचे आहे. एरिक ट्रेसी यांचा जन्म १९०७ सालचा. लिव्हरपूलमध्ये, रेल्वे कामगारांची वस्ती असलेल्या भागात सेवा करीत असताना त्यांना इंजिनांचे वेड लागले. चालक आणि फायरमन यांच्याशी त्यांनी मैत्री जोडली. कार्लाइलच्या दक्षिणेची शॅपची चढण आणि उत्तरेचा बीटॉक घाट ही त्यांची आवडती ठिकाणे होती. १९६८ साली ते वेकफील्डचे बिशप झाले, परंतु कॅमेरा सुटला नाही. १३ मे १९७८ रोजी कार्लाइल-सेटल मार्गावरील ॲपलबी स्थानकावर, वाफेच्या इंजिनाची वाट पाहत असतानाच, हृदयक्रिया बंद पडून त्यांचा अंत झाला. त्यांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. धर्मपीठावरच्या माणसाने उभे आयुष्य ज्या छंदाला दिले, त्याला केवळ पोरखेळ म्हणणे मग कठीण होते.

आता प्रश्न असा, की वळवून आणलेल्या गाडीचेच एवढे अप्रूप का? याचे उत्तर छायाचित्रकाराच्या दृष्टीने सोपे आहे. नित्याची गाडी उद्याही येईल, परवाही येईल. तिचे चित्र आज नाही साधले तर पुढे साधेल. परंतु वळवलेली गाडी ही पाहुणी असते. पुलाची दुरुस्ती संपली की ती पुन्हा या वाटेला फिरकणार नाही. कार्लाइलच्या परिसरात या पाहुण्यांचे रूपही न्यारे असे. १९७४ साली लंडन-ग्लासगो मुख्य मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. मात्र सेटलचा मार्ग आणि डम्फ्रीजचा मार्ग यांवर विजेच्या तारा नव्हत्या. म्हणून मुख्य मार्गावर शनिवारी-रविवारी रुळांचे काम निघाले आणि गाड्या प्रेस्टनहून ब्लॅकबर्न व हेलिफील्ड या मार्गे सेटलवरून कार्लाइलला आणल्या, की विजेवर धावणाऱ्या गाड्या तेथे डिझेल इंजिनाला ओढाव्या लागत. कधी तर पेंटोग्राफ मिटवून घेतलेले विजेचे बलाढ्य इंजिन डिझेल इंजिनामागे निमूटपणे फरफटत जाताना दिसे. राजाने सामान्याच्या बैलगाडीत बसावे, तसाच तो प्रकार!

अशी गाडी केव्हा येणार, हे कळणे ही मात्र एक कलाच होती. मालगाड्यांचे वेळापत्रक उतारूंसाठी छापले जात नाही. रेल्वे नोकरांसाठी निघणारी साप्ताहिक सूचनापत्रे, सिग्नलच्या केबिनमधील एखादा स्नेही, अथवा दुसऱ्या गावच्या छंदिष्टाने टेलिफोनवरून दिलेली वर्दी, एवढ्यावरच सारी भिस्त असे. गाडी दिसू लागल्यावरही ती कोणत्या वर्गाची हे ओळखावयाचे ते वाफेच्या काळात इंजिनाच्या तोंडावरील दिव्यांच्या जागांवरून आणि नंतर काही वर्षे कपाळावरील चार अक्षर-अंकांच्या संकेतावरून. आज गाड्यांच्या हालचालींची माहिती संगणकावर आणि हातातील दूरध्वनीवर मिळते. प्रतीक्षेतली अनिश्चितता पुष्कळ कमी झाली असली तरी पाऊस, धुके आणि ऐन वेळी आडवा येणारा ढग यांचे वेळापत्रक अजून कोणी छापलेले नाही. छायाचित्र घेऊन झाल्यावर जाणता छंदिष्ट दिनांक, वेळ, ठिकाण, इंजिनाचा क्रमांक, कोठून कोठे आणि कोणत्या कारणाने ही सारी टिपणे चित्राच्या पाठीमागे लिहून ठेवतो. या टिपणांमुळेच करमणुकीचे चित्र कागदपत्राच्या योग्यतेला चढते.

हे कागदपत्र कशाची साक्ष देते, हे कार्लाइलच्या दोन वाटांच्या दैवावरून चांगले कळते. एक वाट गेली आणि दुसरी राहिली.

गेली ती वेव्हर्ली. कार्लाइल ते एडिंबरो हा ९८ मैलांचा डोंगरी मार्ग तोट्यात चालतो, या कारणाने जानेवारी १९६९ मध्ये बंद करण्यात आला. शेवटच्या रात्रीची गाडी न्यूकॅसलटन गावी ग्रामस्थांनी फाटकापाशी अडवून धरली. गावच्या धर्मोपदेशकाला पोलिसांनी ताब्यात घेतले, आणि गाडीत असलेले तरुण पार्लमेंट-सभासद डेव्हिड स्टील यांनी मध्यस्थी केल्यावर गाडी पुढे गेली. त्यानंतर रूळ उखडले गेले. पुढे दहा वर्षांनी, १७ मार्च १९७९ रोजी, पूर्व किनाऱ्याच्या मुख्य मार्गावरील पेनमॅन्शील बोगदा कोसळला. उंच कंटेनर वाहून नेता यावेत म्हणून तेथे बोगद्याची जमीन खोदण्याचे काम चालले होते. दोन कामगार गाडले गेले. त्यांचे देह बाहेर काढणेही शक्य झाले नाही आणि तो बोगदा हीच त्यांची समाधी ठरली. त्याच्या शेजारून नवा मार्ग काढून तो सुरू होईपर्यंत ऑगस्ट उजाडला. मधल्या पाच महिन्यांत काही गाड्या न्यूकॅसलहून कार्लाइलमार्गे एडिंबरोकडे वळवाव्या लागल्या. कार्लाइलहून थेट एडिंबरोला नेणारी वेव्हर्लीची वाट त्या वेळी गवताखाली गेलेली होती. बंद करताना जमाखर्च पाहिला गेला होता; पण दुसऱ्याच्या आपत्तीत तिचा काय उपयोग झाला असता, यासाठी त्या जमाखर्चात रकानाच नव्हता. या वाटेचा एडिंबरोकडचा काही भाग ट्वीडबँक गावापर्यंत नव्याने बांधून सप्टेंबर २०१५ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आला. त्याच्या पुढची कार्लाइलपर्यंतची वाट मात्र त्या वेळी तशीच राहिली.

राहिली ती सेटलची वाट. पण तीही सहजासहजी राहिली नाही. मिडलंड कंपनीने १८६९ साली काम सुरू करून १८७५ साली मालासाठी आणि १ मे १८७६ पासून उतारूंसाठी हा मार्ग खुला केला. रिबलहेडचा चोवीस कमानींचा पूल आणि समुद्रसपाटीपासून ११६९ फुटांवरचा एस गिलचा माथा ही त्याची प्रसिद्ध स्थाने. १९८२ साली नॉटिंगहॅम-ग्लासगो ही लांब पल्ल्याची गाडी या वाटेवरून काढून दुसरीकडे नेली गेली. मालवाहतूकही अन्यत्र नेण्यात आली. आणि मग वाटेवर वाहतूक नाही, पूल जर्जर झाला आहे, तेव्हा ती बंदच करावी, असा प्रस्ताव १९८३ साली पुढे आला. आधी झाडाचे पाणी तोडावयाचे आणि मग ते वाळले म्हणून कुऱ्हाड मागवावयाची, अशातलाच हा न्याय होता.

यावर लोकांनी २२ हजारांहून अधिक लेखी हरकती नोंदविल्या. त्यांत रसवर्प नावाच्या एका कुत्र्याच्या पंजाचा ठसाही होता. तो भाडे देऊन प्रवास करणारा उतारू असल्याने त्याचीही हरकत ग्राह्य धरली गेली! गंमत अशी, की ज्या वर्षांत ही वाट अनावश्यक ठरविली जात होती, त्याच वर्षांत मुख्य मार्गावर काम निघाले की वळवलेल्या गाड्या तिच्यावरूनच जात होत्या, आणि रिबलहेडच्या माळरानावर उभे असलेले छायाचित्रकार त्या टिपून घेत होते. केवळ या चित्रांनी मार्ग वाचविला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. चळवळीतील सभा, निवेदने, स्थानिक संस्थांची मदत आणि वाटेचे सौंदर्य पाहावयास लोटलेली गर्दी, या सर्वांचा तो परिणाम होता. १९८३ साली वर्षाला सुमारे ९३ हजार असलेली उतारूंची संख्या १९८९ पर्यंत साडेचार लाखांवर गेली. परंतु कागदावर निरुपयोगी ठरलेली वाट प्रत्यक्षात उपयोगी पडत आहे, हे डोळ्यांना दिसेल असे दाखविणारा पुरावा त्या चित्रांत होता, हे कोणालाही नाकारता येणार नाही. अखेर ११ एप्रिल १९८९ रोजी सरकारने मार्ग बंद करण्यास संमती नाकारली. पुढे याच वाटेवरून स्कॉटलंडकडून यॉर्कशायरच्या वीजकेंद्रांकडे कोळशाच्या लांबच लांब गाड्या धावल्या. २०२४ साली ब्रिटनमधील कोळशावर चालणारे शेवटचे वीजकेंद्रही बंद झाले. म्हणजे त्या काळ्या, कंटाळवाण्या वाघिणींची चित्रे आज एका संपलेल्या युगाचा दस्तऐवज झाली आहेत.

वाटांच्या या परस्परावलंबनाची कसोटी २०१५-१६ च्या हिवाळ्यात लागली. डिसेंबरच्या आरंभी कार्लाइल शहरात पुराचे पाणी शिरले. ३१ डिसेंबर २०१५ रोजी उत्तरेकडे लॅमिंग्टन येथे क्लाइड नदीच्या पुराने पुलाच्या खांबाखालची जमीन पोखरून काढली आणि ग्लासगोकडचा मुख्य मार्ग बंद पडला. गाड्या डम्फ्रीज आणि किल्मार्नॉकवरून वळविण्यात आल्या. एरवी थोड्याशा गाड्यांची सवय असलेल्या त्या शांत वाटेवर कंटेनरांच्या मालगाड्या रात्रंदिवस जाऊ लागल्या आणि दक्षिण स्कॉटलंडच्या शेतांच्या बांधांवर कॅमेरे घेतलेली माणसे दिसू लागली. हे संकट निवारण्याच्या आतच, ९ फेब्रुवारी २०१६ रोजी, आग्नेयेकडे ईडन नदीकाठची टेकडी घसरून सेटलची वाटही तुटली. म्हणजे जवळजवळ दोन आठवडे कार्लाइलच्या दोन वाटा एकाच वेळी बंद होत्या, आणि तरीही शहर तुटले नाही. कारण उरलेल्या वाटा जागेवर होत्या. लॅमिंग्टनचा पूल २२ फेब्रुवारीला सुरू झाला. सेटलच्या वाटेला मात्र ३१ मार्च २०१७ पर्यंत थांबावे लागले. पण या वेळी, ही वाट हवी की नको, असा प्रश्न निघाला नाही. सुमारे २ कोटी ३० लाख पौंड खर्चून ती पुन्हा बांधण्यात आली.

हा सारा वृत्तांत बेळगाव, लोंढा किंवा मडगावच्या वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. ६ ऑगस्ट २०२० रोजी पेडणे येथील बोगद्याची भिंत ढासळली आणि कोकण रेल्वेची वाट अडली, तेव्हा लांब पल्ल्याच्या गाड्या पनवेल, पुणे, मिरज आणि लोंढा या मार्गे मडगावला वळविण्यात आल्या. नेहमी किनाऱ्याने जाणारी गाडी सह्याद्री ओलांडून घाटमाथ्यावर आली आणि दूधसागरच्या घाटाने पुन्हा खाली उतरली. एक वाट बुजली असता दुसरीने गावे जोडून ठेवावीत, हा अनुभव पावसाळ्याच्या प्रदेशात नवा नाही. नवी असेल तर ती अशा दिवसांची नोंद ठेवण्याची दृष्टी. दरड हटली की वर्तमानपत्रातले वृत्त जुने होते, वेळापत्रक पूर्ववत् होते आणि घाटमाथ्यावरून ती पाहुणी गाडी गेली होती, हे चार वर्षांनी कोणी सांगितले तरी खरे वाटत नाही.

इतिहास म्हटला म्हणजे उद्घाटनाचा दिवस, पहिली गाडी, मोठा पूल अशाच गोष्टींची नोंद सहसा होते. यशाची छायाचित्रे काढावयास सरकारी छायाचित्रकार हजर असतोच. परंतु जी वाट वर्षातले तीनशेसाठ दिवस रिकामी असते आणि उरलेल्या पाच दिवसांत साऱ्या देशाचा भार आपल्या खांद्यावर घेते, तिची दखल घेणारा सहसा कोणी नसतो. विहिरीचे मोल आटल्यावर आणि पर्यायाचे मोल अडल्यावर कळते. आणि अडचण सरली की ते पुन्हा विसरले जाते. कार्लाइलच्या भोवतालच्या टेकड्यांवर, स्वतःच्या खर्चाने आणि केवळ हौसेखातर उभ्या राहिलेल्या माणसांनी तो विसर पडू दिला नाही. आडवाटेने आलेली मालगाडी क्षणात दृष्टीआड होते. ती येथून गेली होती, आणि ही वाट होती म्हणूनच जाऊ शकली, एवढे एक वाक्य त्यांच्या चित्रांनी इतिहासाच्या पानावर लिहून ठेवले आहे. आणि उद्या कोणी एखाद्या ओसाड वाटेचे रूळ उखडावयास निघाला, तर त्याने आधी ते वाक्य वाचणे अगत्याचे आहे.